तारखेनिशी मतं: सातव्या शतकातल्या एका खुनाच्या सामूहिक वाचनाच्या प्रकल्प नोंदी

९ फेब्रुवारी २०२५

वाचनगटाच्या बैठकीत ठरलं: पुढचे दहा आठवडे एकच कादंबरी, आणि प्रत्येकाचं मत त्या त्या टप्प्यावर लिहून घ्यायचं. शेवटी सोळा पानांची पुस्तिका. हे घोंगडं माझ्या गळ्यात पडलं, कारण मागच्या वेळी मीच कुरकुर केली होती. पुस्तक संपल्यावर मत विचारलं की सगळे शहाण्यासारखे बोलतात. मधल्या पानांवर कोण कुणावर उगाच संशय घेत होतं, कोण कंटाळून दोन प्रकरणं गाळून पुढे गेलं, हे कुणी कबूल करत नाही. रहस्यकथेत खरी गंमत तर तिथेच असते.

कादंबरी ठरली पीटर ट्रेमेन यांची ‘ॲब्सोल्यूशन बाय मर्डर’ (१९९४). ट्रेमेन हे टोपणनाव. माणूस पीटर बेरेस्फर्ड एलिस, केल्टिक इतिहासावर ढीगभर लिहिणारा. काळ इसवी सन ६६४, जागा इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचा व्हिटबीचा मठ. नॉर्थम्ब्रियाच्या ऑस्विउ राजाने धर्मसभा बोलावली आहे. राज्यात ख्रिस्ती धर्माच्या रीती आयर्लंडकडच्या चालवायच्या की रोमच्या, याचा निकाल लागायचाय. आयर्लंडची बाजू मांडायला आलेली मठाधिपती एटाइन हिचाच खून होतो. तपास करते सिस्टर फिडेल्मा, आयरिश धर्मभगिनी आणि पेशाने वकील. जोडीला ब्रदर एडवुल्फ, सॅक्सन (म्हणजे तेव्हाचा इंग्रज) आणि रोमच्या पक्षाचा. सभा खरी, राजा खरा. मठाच्या प्रमुख हिल्डा, आयर्लंडच्या पक्षाचा बिशप कोलमान, रोमचा कैवारी विल्फ्रिड हेही खरे. खून आणि तपास करणारी जोडी तेवढी कल्पनेतली.

अण्णांनी (बँकेतून निवृत्त, गटातले सर्वांत जुने सभासद) पहिलाच प्रश्न टाकला, “तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं?” मग स्वतःच उत्तर दिलं. बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. पुलकेशी गेल्याला वीसेक वर्षं झाली होती. आणि ज्याने महाराष्ट्रातली माणसं उपकाराला जागणारी आणि अपमानाचा सूड घेणारी म्हणून लिहून ठेवली, तो ह्युएन त्संग चीनमध्ये वारला ते हेच साल, ६६४. अण्णा असं काहीतरी काढतातच. लिहून घेतलं.

१२ फेब्रुवारी

पहिला तक्ता केला: पात्रं, कथानक, वातावरण, भाषा, पाचपैकी गुण. रात्री स्वतःच तीन प्रकरणांपुरता भरून पाहिला. वातावरणाला चार गुण. म्हणजे काय, हे माझं मलाच सांगता येईना. फाडून टाकला.

आता पोस्टकार्डाच्या आकाराची पांढरी कार्डं. वर तारीख आणि कितव्या पानापर्यंत वाचलं ते. खाली जे वाटेल ते. नियम एकच: आधीचं मत खोडायचं नाही. बदललं तर खाली नवी तारीख घालून लिहायचं. मराठी-इंग्रजी-मोडी काहीही चालेल असं म्हटलं, तर वकीलकाकांनी खरोखरच मोडीत सही केली.

१६ फेब्रुवारी

अकरा वाचक, छापील प्रती तीन, बाकी फोनवर वाचणारे. दोघींना इंग्रजी सलग वाचायला जड जातं, त्यांच्यासाठी माझी भाची दर बैठकीआधी अर्धा तास गोष्ट मराठीत सांगणार. ती कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे, फिडेल्मा वकील आहे म्हटल्यावर आपणहून तयार झाली.

आजचा सगळा वेळ नावांत गेला. फिडेल्मा ठीक. पण तिचा दर्जा सांगणारा शब्द आहे त्याचा उच्चार ‘दॉली’, अर्थ न्यायालयात बाजू मांडणारा. तो ऐकल्यापासून वकीलकाकांना सगळे ‘दॉलीकाका’ म्हणतायत. व्हिटबीचं त्या काळचं नाव स्ट्रेओनशाल्ख. रत्नागिरीच्या काकूंनी ते तीनदा म्हणून बघितलं आणि जाहीर केलं, “मी व्हिटबीच म्हणणार. खून काय नावाने बदलत नाही.”

मूळ घटनेचा आधार म्हणजे बीड नावाच्या इंग्रज भिक्षूचा धर्मेतिहास, ७३१ मध्ये पुरा केलेला. बीड म्हणजे जिल्हा नव्हे, हे दोनदा सांगावं लागलं.

२३ फेब्रुवारी

पहिली खरी बैठक. सुरुवातीलाच वाटेत झाडाला लटकवलेला भिक्षू दिसतो, तो बहुतेकांच्या डोक्यात बसला. मतं गोळा केली. ‘थंडी वाजते वाचताना.’ ‘इतके लोक एकदम आत येतात की लग्नाच्या मांडवात वाट चुकल्यासारखं झालं.’ ‘मेलेला माणूस लवकर मिळाला, चांगलं झालं.’ वकीलकाकांचं कार्ड: ‘पुरावा गोळा करण्याआधीच बाईसाहेब व्याख्यान देतात. साक्षीदार पळून जाईल.’

हे व्याख्यानाचं गाऱ्हाणं पाच कार्डांवर आहे. फिडेल्मा कुणाशीही बोलायला लागली की दोन वाक्यांत आयर्लंडचा कायदा कसा पुढारलेला आणि सॅक्सन कसे मागासलेले, हे येतंच. मला स्वतःला त्याचा त्रास कमी झाला. परक्या काळातली गोष्ट सांगणाऱ्याला कुणाच्या तरी तोंडी माहिती घालावी लागते. पण ती दर वेळी एकाच तोंडी घातली की ते तोंड खटकायला लागतं.

भाचीचं कार्ड: ‘शेवटी एक अशी नायिका जिला कुणी वाचवायला येत नाही. सातव्या शतकात बाई वकील! मला हा देश हवाय.’

२ मार्च

वसईच्या टीचर आज बोलल्या. निवृत्त शिक्षिका, वसईच्या कॅथलिक, गेली काही वर्षं बोरिवलीत मुलाकडे असतात. एरवी शांत. आज कार्ड न लिहिता थेट म्हणाल्या, “रोमच्या बाजूची सगळीच माणसं हेकट, आणि आयर्लंडची सगळीच समंजस? हा विल्फ्रिड म्हणजे सिनेमातला खलनायकच झाला. लेखकाने निकाल आधी लावला, मग चौकशी बसवली.”

भाची उसळली. टीचरनी तिला शांतपणे सांगितलं, “अगं, मी रोमची वकील नाहीये. पण मला दोन्हीकडचं ऐकायचंय.”

हे लिहून द्या म्हटलं, तर म्हणाल्या, “बुधवारनंतर. बुधवारपासून आमचा उपवासकाळ, तेव्हा जिभेवर ताबा ठेवायचा असतो. म्हणून आजच बोलून घेतलं.”

५ मार्च

राखेचा बुधवार. टीचरच्या कार्डावर फक्त तारीख आणि एक शब्द: ‘वाचतेय.’

९ मार्च

आजची बैठक दीड तासाऐवजी तीन तास चालली. खरं तर मी आजच्या प्रकरणांना घाबरून होतो. धर्मसभेतला वाद मुख्यतः ईस्टर कोणत्या रविवारी धरायचा यावर. वाटलं होतं, इथे निम्मी मंडळी डुलक्या घेणार.

मी फळ्यावर मांडलं. दोघांचा आधार चंद्राचाच. आयर्लंडकडचे चांद्रमहिन्याच्या चौदाव्या ते विसाव्या दिवसात येणारा रविवार घेत. रोमवाले पंधराव्या ते एकविसाव्यातला. चौदावा दिवसच रविवारी आला, तर आयरिश लोकांचा सण त्याच दिवशी आणि रोमवाल्यांचा आठवड्याने. शिवाय आयर्लंडचं चक्र ८४ वर्षांचं, रोमचं १९ वर्षांचं, त्यामुळे चंद्राचा दिवस कितवा यावरही एकमत होईलच असं नाही. एवढं बोलून मी थांबलो, तर काकू म्हणाल्या, “हे तर आमच्या घरचं झालं.”

काकूंचं माहेर रत्नागिरीकडचं, तिथे टिळक पंचांग. सासर दाते पंचांगवालं. दोन पंचांगांचे आरंभबिंदू वेगळे, एक रेवती नक्षत्र धरणारं, दुसरं चित्रा. त्यामुळे एखाद्या वर्षी अधिक महिना दोघांकडे वेगवेगळा पडतो, आणि मधले सण एक अख्खा महिना सरकतात. काकू सांगत होत्या, “लग्नानंतरची तीनचार वर्षं असतील. माहेरचे गणपती बसले, मी निघाले, तर सासूबाई म्हणाल्या, अजून श्रावणसुद्धा संपला नाही, कसले गणपती? आईकडे उकडीचे मोदक खाऊन आले, आणि इथे येऊन पुन्हा श्रावणी सोमवार धरले.”

मी बीडने लिहिलेली हकिगत सांगितली. ऑस्विउ राजा आयरिश रीतीत वाढलेला, राणी एआनफ्लेड केंटमध्ये, म्हणजे रोमच्या रीतीत. एखाद्या वर्षी राजा उपवास सोडून ईस्टरच्या पंगतीला बसे, आणि राणीकडे अजून झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, चालू असे. एकाच वाड्यात एकाचं पान वाढलेलं, दुसरी उपाशी. काकू लगेच, “मग राजाने सभा बोलावली ती धर्मासाठी नव्हे हो, स्वयंपाकघरासाठी.”

हसण्यात ते विरून गेलं असतं, पण वकीलकाकांनी धरून ठेवलं. म्हणाले, कादंबरीत हे अंगानेच जातं. लेखकाला दोन संस्कृतींची टक्कर दाखवायची आहे, म्हणून एकाच घरातल्या दोन पंचांगांकडे तो जेमतेम बघतो. मग डोक्याचा विषय निघाला. रोमचे भिक्षू टाळू भादरून भोवती केसांचं कडं ठेवत, आयर्लंडचे कानापासून कानापर्यंत पुढचं डोकं भादरून मागे केस सोडत. अण्णा म्हणाले, “शेंडी-घेऱ्याचा वाद. आणि उभं गंध की आडवं.” यावर दोन वाचकांचं उभ्या-आडव्या गंधावर खरंच वाजलं. ते मी टिपलेलं नाही.

आजची मतं रेकॉर्ड केली होती, पण फोन पंख्याखाली ठेवला. तीन तास नुसता वारा.

११ मार्च

बीडचं ते प्रकरण पुन्हा वाचलं. त्यातल्या दोन गोष्टी टीचरसाठी लिहून ठेवतो. सभेत रोमच्या बाजूने बोलायचा मान खरं तर बिशप आगिलबर्टचा. पण त्याला इंग्रजांची भाषा नीट येत नव्हती, म्हणून त्याने विल्फ्रिडला पुढे केलं. तेव्हा विल्फ्रिड जेमतेम तिशीचा. आणि दोन्ही पक्षांचा दुभाषा होता केड नावाचा बिशप, स्वतः आयरिश रीतीचा. त्याच वर्षीच्या साथीत तो गेला.

निकाल कसा लागला तेही मजेशीर. विल्फ्रिड म्हणाला, स्वर्गाच्या किल्ल्या रोमच्या संत पीटरकडे. राजाने कोलमानला विचारलं, तुमच्या आयर्लंडच्या संत कोलुंबाला असा अधिकार दिलाय का? नाही म्हटल्यावर राजा म्हणाला, मग मी दारवानाशी वैर घेणार नाही, उद्या दारात गेलो आणि त्याने पाठ फिरवली तर? हा कुणी भाबडा भक्त बोलतोय असं मला वाटत नाही. एका जुन्या चरित्रात राजा हे हसत बोलला असंही आहे.

१६ मार्च

परवा धुळवड झाली, दोघांच्या कानामागे अजून रंग आहे.

आज कायदा. भाचीने तयारी केली होती. आयरिश कायद्यात खुनाला फाशी ही मुख्य शिक्षा नाही, भरपाई. स्वतंत्र माणसाच्या जिवाची ठरलेली किंमत, वर त्याच्या नातेवाइकांच्या मानमरातबाप्रमाणे वेगळी रक्कम. ती फळ्यावर लिहीत होती आणि खुशीत होती. “बघा, सुधारणेचा विचार. जिवाच्या बदल्यात जीव नाही.”

वकीलकाका म्हणाले, “किती भरपाई?”

“सात कुमल.”

“आणि कुमल म्हणजे?”

तिने कागद उलटसुलट केला. माझ्या लक्षात आलं की तिला माहीत आहे आणि आत्ता पहिल्यांदाच ती ते वाचतेय. कुमल म्हणजे मुळात दासी. गुलाम बाई. तेच पुढे मोजमापाचं एकक झालं, गाई-जमिनीचे भावही त्यात सांगायचे. ती खडू हातात धरून उभी राहिली. मग फळ्यावर ‘७ कुमल’ लिहिलं होतं त्याच्या खाली हळूच लिहिलं: ‘७ बाया’. कुणी काही बोललं नाही. खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला तेवढाच.

वकीलकाका तिच्यावर तुटून पडले नाहीत, लेखकावर पडले. म्हणाले, सॅक्सन म्हणजे फासावर चढवणारे रानटी, हे चित्रही अर्धवट आहे. केंटच्या एथेलबर्ट राजाचे कायदे सातव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचे, म्हणजे या कादंबरीच्या साठेक वर्षं आधीचे, आणि तेही भरपाईचेच आहेत. अंगठा तोडला तर २० शिलिंग, नुसतं नख गेलं तर ३, पुढचा दात पाडला तर ६. “दातागणिक भाव लावणाऱ्यांना रानटी कसं म्हणायचं? कारकून म्हणा.” केंट म्हणजे नॉर्थम्ब्रिया नव्हे, एवढी सूट त्यांनी लेखकाला दिली.

मग त्यांनीच भाचीला एक गोष्ट सांगितली. आयरिश दंतकथेत सेंखा नावाचा न्यायाधीश बायकांच्या मालमत्तेबाबत चुकीचा निवाडा देतो, त्याच्या गालांवर फोड येतात. ब्रिग नावाची स्त्री निवाडा दुरुस्त करते तेव्हा फोड जातात. “म्हणजे तुझ्या फिडेल्माला पूर्वज आहे. पण कथेतला.”

भरपाईपेक्षा अण्णांना दुसरंच आवडलं. देणेकरी बडा असला तर आयरिश धनको त्याच्या दारात उपाशी बसे. दारात उपाशी माणूस असताना कर्जाची हमी न देता आत जेवणाऱ्याची पत जाई. “धरणं,” अण्णा म्हणाले, “शुद्ध धरणं. पेशवाईत पगार थकले की शिलेदार हेच करायचे.”

२० मार्च

भाची रात्री घरी आली. कॉलेजच्या ग्रंथालयातून जुन्या आयरिश कायद्यावरचा जाड ग्रंथ आणलेला, त्यात कागदाची खूण. “मामा, हे वाच.”

‘दीरे’ नावाच्या कायदेग्रंथातला उतारा. मुलगी असताना बाप तिच्यावर लक्ष ठेवतो, बायको असताना नवरा, मुलं असलेली विधवा झाली की मुलगे. त्यांच्यापैकी कुणाच्या संमतीविना तिला खरेदी नाही, विक्री नाही, करार नाही.

मी वाचून वर बघितलं. ती म्हणाली, “म्हण ना पुढचं.”

“पिता रक्षति कौमारे, भर्ता रक्षति यौवने...”

“रक्षन्ति स्थविरे पुत्रा, न स्त्री स्वातन्त्र्यमर्हति. मनू, नऊ, तीन. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात, शिव्या घालायला.” मग म्हणाली, “हे साम्य अभ्यासकांना केव्हाचं माहीत आहे. मलाच नव्हतं.”

त्या ग्रंथात अपवादही भरपूर आहेत. स्वतःची मालमत्ता लग्नात आणणाऱ्या बायकोला बोलायचा हक्क होता, घटस्फोटाची कारणं होती. अगदी काळंकुट्ट चित्र नाही. पण बाई वकील राजांपुढे उभी राहते आणि कुणाच्या भुवया उंचावत नाहीत, असा देश त्या पानांत नाही. भाचीने कार्ड मागितलं. २३ फेब्रुवारीच्या ओळीखाली लिहिलं: ‘२० मार्च. मला हा देश नकोय. फिडेल्मा पाहिजे.’

चहा न घेता गेली. मी त्या ओळीकडे बराच वेळ बघत बसलो. लेखकावर ती रागावली आहे की नाही, ते अजून कळलेलं नाही.

२५ मार्च

पुस्तिकेसाठी शीर्षकाचं मराठी हवं. ‘ॲब्सोल्यूशन’ला काय म्हणायचं? टीचरना फोन केला. त्या म्हणाल्या, कबुलीजबाबानंतर धर्मगुरू देतात ती पापक्षमा. काकूंचं म्हणणं, पापक्षालन. वकीलकाका: निर्दोषत्व, “पण ते कोर्टातलं, इथे चालणार नाही.”

फोन ठेवून भिंतीवर बघतो तर कॅलेंडरवर आज पापमोचनी एकादशी. आज स्मार्त, उद्या भागवत. एकाच एकादशीला दोन दिवस, स्मार्तांचा उपास आज आणि वारकऱ्यांचा उद्या. फोटो काढून गटावर टाकला. सर्वांत आधी टीचरचा अंगठा.

मग त्यांचा लांब संदेश आला. कादंबरीचा राग जरा उतरलाय असं दिसतं. एकेकट्याने धर्मगुरूकडे जाऊन पापाची कबुली द्यायची, पुन्हा पुन्हा द्यायची, ही रीत युरोपभर रुजवण्यात आयरिश भिक्षूंचा मोठा वाटा होता. त्यांच्याकडे प्रायश्चित्तांच्या याद्याच असत, कोणत्या पापाला किती दिवस भाकरी-पाण्यावर राहायचं ते ठरलेलं. टीचरनी लिहिलं होतं: ‘मी लहानपणी वसईत कबुलीच्या रांगेत गुडघे दुखेपर्यंत थांबायचे, ते या लोकांमुळे. व्हिटबीला हरले, पण त्यांची एक रीत माझ्यापर्यंत आली. हे लेखकाने का नाही सांगितलं? शीर्षकातच तर होतं.’

हे संपूर्ण छापायचं.

२९ मार्च

आज खंडग्रास सूर्यग्रहण. आपल्याकडे दिसणार नव्हतं, पण ब्रिटन-आयर्लंडमध्ये दिसलं. कादंबरीतही सभेच्या दिवसांत ग्रहण आहे, आणि ते खरं: १ मे ६६४. गंमत अशी की बीड ते ३ मेला टाकतो. ग्रहण तर अमावास्येलाच होणार. रोमच्या १९ वर्षांच्या तक्त्याप्रमाणे त्या महिन्याची अमावास्या येते ३ मेला. बीडने आकाशापेक्षा तक्त्यावर विश्वास ठेवला असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. आयर्लंडच्या बखरींत मात्र १ मे बरोबर आहे.

म्हणजे सभा जिंकलेल्यांचं गणित त्या महिन्यात दोन दिवसांनी चुकत होतं. हे अण्णांना सांगितल्यावर ते इतके खूश झाले की कार्डाच्या मागच्या बाजूलाही लिहिलं.

उद्या पाडवा, बैठक नाही.

६ एप्रिल

रामनवमी, त्यामुळे सातच जण. शेवट वाचून झालेला. खुनी कोण ते पुस्तिकेत येणार नाही, इथेही लिहीत नाही.

फिडेल्मा सगळ्यांना एकत्र जमवून उलगडा करते, त्यावर मतं दुभंगली. ‘जुनी पद्धत, पण पोट भरलं.’ ‘खुनी पळून कसा जात नाही? इतका वेळ ऐकत बसतो?’ ‘एक धागा आधी दाखवला होता, मी बघूनही सोडला, चूक माझी.’ दोघांचा आक्षेप वजनदार आहे: एवढी मोठी सभा, दोन धर्मपंथ, राजाच्या विरुद्ध कारस्थानं, हे सगळं शेवटी पडद्यासारखं बाजूला सरकतं आणि खून आपला वेगळाच राहतो. मला ते उलट पटलं. धर्मसभेच्या गर्दीतसुद्धा माणसं आपापल्या कारणांसाठी जळत असतात. पण माझं मत अकरांत धरलेलं नाही.

एडवुल्फबद्दल एकमत: बिचारा. त्याला शेवटपर्यंत प्रश्न विचारायचं काम दिलंय.

काकूंनी विचारलं, हरलेल्या कोलमानचं पुढे काय झालं? तो आपली माणसं घेऊन आधी आयोना बेटावरच्या मठात आणि मग आयर्लंडच्या पश्चिमेला इनिशबॉफिन बेटावर गेला. आयरिश भिक्षू आणि त्याच्याबरोबर आलेले इंग्रज भिक्षू, एकच मठ. तिथेही भांडण. बीड कारण देतो: आयरिश मंडळी उन्हाळ्यात, ऐन सुगीच्या वेळी, ओळखीच्या मुलखात भटकायला जायची आणि थंडीत परत येऊन इंग्रजांनी साठवलेल्यात वाटा मागायची. शेवटी कोलमानने इंग्रजांना मेयो इथे वेगळा मठ काढून दिला. काकू म्हणाल्या, “पुढची कादंबरी याच्यावर लिहायला हवी होती. पहिला खून कोठीच्या खोलीत.”

१३ एप्रिल

टीचर नाहीत, वसईला गेल्यात, झावळ्यांचा रविवार. मी एकट्याने कार्डं तारखेप्रमाणे लावली. आधी वाचकाप्रमाणे लावली होती, त्यात प्रत्येक जण एकाच सुरात बोलताना वाटत होता. तारखेप्रमाणे लावल्यावर ९ मार्चच्या आधीची आणि नंतरची कार्डं वेगळ्याच माणसांनी लिहिल्यासारखी दिसतात. आधी ‘ते लोक’, नंतर ‘आमच्याकडे पण’. २० मार्चनंतर भाचीचं पाहून आणखी तिघांनी जुन्या ओळीखाली नवी तारीख घातलीय.

सोळा पानांत बसत नाही. वीस होणार, म्हणजे वर्गणी वाढणार. अण्णांना सांगायचं काम वकीलकाकांवर टाकलं.

२० एप्रिल

ईस्टर. यंदा रोमचा आणि पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचा ईस्टर एकाच दिवशी आलाय. गेल्या वर्षी एक ३१ मार्चला होता आणि दुसरा ५ मेला. टीचरनी वसईहून फोटो पाठवला. काकूंनी खाली विचारलं, ‘म्हणजे यंदा राजा-राणी एका पंगतीला?’

छपाईवाल्याला फाइल द्यायची होती. त्याचं म्हणणं, मतं टाइप करून द्या, हस्ताक्षरातली कार्डं काळी येतात. दहा जणांची टाइप केली. भाचीचं कार्ड मात्र जसंच्या तसं स्कॅन करून नवव्या पानावर घातलं, कारण त्यावर आता चार तारखा आहेत, चार शाया आहेत आणि एका ठिकाणी खडूचा डाग आहे.

संध्याकाळी तिचा फोन. “मामा, ती पहिली ओळ काढ ना. फार बावळट वाटते.”

नियम काय ठरला होता, विचारलं.

“निदान उद्गारचिन्ह तरी काढ.”

फाइल गेली होती.